बिझनेस क्लासचं तिकीट आलंय, लाउंजमध्ये जायचं कसं? मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतून जर्मनीला मशीन बघायला निघालेले इंजिनिअर, जालन्याचे बियाणेवाले, लेकरं अमेरिकेत गेली म्हणून त्यांच्याकडे राहायला निघालेले लातूर-नांदेडचे आई-वडील... आपल्याकडून बिझनेस क्लासने जाणारी माणसं आता नवलाची राहिली नाहीत. तिकीट बहुतेकदा कंपनीनं नाहीतर मुलानं काढलेलं असतं, त्यामुळे त्यात काय काय धरलंय हे जाणाऱ्यालाच ठाऊक नसतं. लाउंज ही त्यातलीच एक सोय. विमानाची वाट बघायला निवांत जागा, जेवण, चहा-कॉफी, वाय-फाय, बऱ्याच ठिकाणी आंघोळीची सोयसुद्धा. बिझनेसच्या तिकिटावर यातल्या बहुतेक गोष्टींचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आमच्या कारखान्यात परदेश दौऱ्यांची तिकिटं आणि व्हिसा मी बघतो, अधूनमधून स्वतःही जातो. निघणारा माणूस विचारतो ते प्रश्न ठरलेले असतात: पैसे लागतात का, कपडे कोणते घालू, बायकोला आत नेता येईल का. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही आणि घोळ तिथंच होतो. लाउंज नेमकं असतं कुठं?

ते विमानतळाच्या पोटात असतं. चेक-इन, इमिग्रेशन आणि सिक्युरिटी, हे तिन्ही ओलांडल्यावर. म्हणजे चेक-इनचा काउंटर उघडेपर्यंत तुम्ही कितीही महागड्या तिकिटाचे धनी असा, लाउंज तुमच्यासाठी बंदच. देवगिरी एक्सप्रेसनं पहाटे-सकाळी दादरला उतरायचं आणि रात्री अडीचच्या विमानापर्यंत लाउंजमध्ये पाय पसरून बसायचं, हा बेत म्हणूनच जमत नाही. मुंबईत राहणाऱ्याला ही अडचण येत नाही, आपल्याला येते. तेव्हा या लेखात सगळ्यात जास्त जागा वेळेच्या हिशेबालाच दिली आहे.

हाताशी काय ठेवायचं

- पासपोर्ट आणि व्हिसा. व्हिसा ऑनलाइन मिळाला असेल तर त्याची छापील प्रत.
- तिकिटाची छापील प्रत. मोबाईलमध्ये असली तरी एक कागद ठेवाच. टर्मिनलच्या दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो आणि नेमकी तेव्हाच मोबाईलची बॅटरी मान टाकते.
- एअरलाइनचं सदस्यत्व कार्ड असेल तर तेही, किंवा त्याचा नंबर.
- बँकेच्या कार्डाच्या जोरावर लाउंजमध्ये जाणार असाल तर मूळ प्लास्टिकचं कार्ड. फोटो चालत नाही.
- चार्जर, पॉवर बँक, रोजची औषधं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. मोठ्या बॅगेत टाकली तर बॅग उघडायला लावतात.
- एक शर्ट किंवा ब्लाउज-ओढणी आणि छोटा टॉवेल. का, ते पुढे येईल.

१. तिकिटात लाउंज आहे का, ते घरीच बघा

बिझनेस म्हणजे लाउंज आलंच, असं धरून चालू नका. एमिरेट्स आणि कतार एअरवेजसारख्या नावाजलेल्या कंपन्यांनीही लाउंज वगळून स्वस्तातली बिझनेस भाडी विकलेली आहेत. खुर्ची तीच, जेवण तेच, पण लाउंज नाही. एजंटानं 'ऑफरमध्ये' मिळवून दिलेलं तिकीट असेल तर हमखास तपासा. तिकिटाच्या कागदावर भाड्याचा प्रकार लिहिलेला असतो. तो एअरलाइनच्या साइटवर टाकला की काय मिळतं आणि काय नाही याचा तक्ता येतो. एजंटाला फोन करूनही भागतं, पण उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

अजून काही गैरसमज:

प्रीमियम इकॉनॉमीत साधारणपणे लाउंज नसतं. नावात 'प्रीमियम' आहे म्हणून फसू नका.

तिकीट इकॉनॉमीचं आणि नंतर बोली लावून किंवा काउंटरवर पैसे भरून बिझनेसला वर सरकलात, तर काही कंपन्या लाउंज देतात, काही फक्त खुर्ची देतात. पैसे भरायच्या आधी विचारा, भरल्यावर नव्हे.

नवरा कंपनीच्या खर्चानं बिझनेसमध्ये आणि बायको स्वतःच्या खर्चानं इकॉनॉमीत, असं असेल तर बायकोला त्याच तिकिटावर आत घेत नाहीत. दोघांचं बुकिंग एकत्र असलं तरी नाही. बिझनेसच्या तिकिटावर सहसा एकच माणूस. पाहुणा नेण्याची मुभा असते ती सदस्यत्वाच्या वरच्या पायरीला. उदाहरणार्थ, स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटाच्या गोल्ड सदस्याला इकॉनॉमीत बसूनही लाउंज मिळतं आणि सोबत एक जण नेता येतो, फक्त तोही स्टार अलायन्सच्याच विमानानं निघालेला हवा. एअर इंडिया २०१४ पासून या गटात आहे, लुफ्तान्सा आणि सिंगापूर एअरलाइन्सही त्यातच येतात. घरचं दुसरं माणूस इकॉनॉमीत असेल तर एक तर त्याच्यासाठी पैसे भरून प्रवेश मिळतो का ते विचारा, नाही तर दोघांनी बाहेरच बसा. नवरा आत आणि बायको गेटजवळच्या खुर्चीत, हे मी पाहिलेलं आहे आणि त्यानंतरचा नऊ तासांचा प्रवास सुखाचा होत असेल असं मला वाटत नाही.

२. घरून निघायची वेळ उलटी मोजा

आधी तारीख. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ०२:३० अशी वेळ असेल, तर तुम्हाला विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोचायचंय. घरून १४ च्या सकाळी किंवा दुपारी निघायचंय. १५ ला सकाळी बॅग भरायला घेणारे लोक आहेत, आणि ते शिकले-सवरलेले आहेत.

आता हेच ०२:३० चं विमान धरून मोजू. काउंटर साधारण तीन तास आधी उघडतो, काही कंपन्यांचा चार तास आधी. म्हणजे रात्री साडेअकरा. बिझनेसचा काउंटर वेगळा असतो, रांग छोटी, पण इमिग्रेशनला किती वेळ लागेल ते त्या रात्रीच्या गर्दीवर. सगळं सुरळीत झालं तर सव्वाबारापर्यंत तुम्ही लाउंजच्या दारात. बोर्डिंग पावणेदोनच्या आसपास सुरू होतं आणि गेट विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे दोन-सव्वादोनला. लाउंजमधून दीड-पावणेदोनला उठायला हवं. हाती उरला सव्वा ते दीड तास. जेवण आणि आंघोळ यात नीट होते. याहून जास्त वेळ पदरात पाडून घ्यायचा तर काउंटर उघडताना तुम्ही समोर हवेत. एक वाजता धापा टाकत पोचलात तर लाउंजचं नाव काढू नका, सरळ गेट गाठा. आंतरराष्ट्रीय विमानाचा चेक-इन काउंटर सुटण्याच्या निदान तासभर आधी बंद होतो आणि एकदा बंद झाला की बिझनेसवाल्यालाही उघडत नाही.

यावरून आपली गाडी ठरवा. नांदेडहून सकाळी निघणारी वंदे भारत परभणी, जालना, संभाजीनगर करत दुपारी मुंबईत पोचते. रात्रीच्या विमानाला ती बरी. मधे संध्याकाळ मिळते, गाडी दोन तास लेट झाली तरी घाबरं व्हायचं कारण नाही. जनशताब्दीचंही तसंच. तपोवन रात्री पोचते, तिच्या भरवशावर मध्यरात्रीचं विमान मी तरी कुणाला पकडू देत नाही. देवगिरी आणि नंदीग्राम सकाळी पोचवतात, म्हणजे अख्खा दिवस काढायचा. त्यासाठी नातेवाईक असतील तर उत्तम. नसतील तर सहार-अंधेरी भागात दिवसापुरती खोली देणारी हॉटेलं आहेत. टर्मिनलच्या दारात बसून दिवस काढू, असं वयस्कर माणसांच्या बाबतीत तरी ठरवू नका.

गाडी करून जाणार असाल तर समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण सुरू आहे. पण समृद्धीनं वाचवलेला तास भिवंडी-ठाण्याची वाहतूक परत खाते, तेव्हा गूगलनं दाखवलेल्या वेळेत दीड-दोन तास वाढवा. दादरला उतरणाऱ्यांसाठी आता मेट्रो ३ थेट टर्मिनल २ च्या स्टेशनाला जाते. हातात एकच बॅग असेल तर छान. बत्तीस किलोच्या दोन बॅगा असतील तर टॅक्सीला पैसे द्या.

उदगीर, उमरगा, देगलूर या पट्ट्यातल्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. तिथलं विमानतळ शमशाबादला, शहराच्या दक्षिणेला आहे आणि आपण उत्तरेकडून किंवा पश्चिमेकडून शिरतो, तेव्हा रिंग रोड धरून जा. वेळेचं गणित तेच.

चिकलठाण्याहून विमानानं मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढे जाणार असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का, हे महत्त्वाचं. एकाच तिकिटावर असतील तर काउंटरवर विचारा, सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग केलंय का, आणि पुढचा बोर्डिंग पास इथंच मिळतो का. मिळाला तर मुंबईत काउंटर उघडायची वाट बघावी लागत नाही, आणि लाउंजमध्ये खरा वेळ मिळतो तो असा. वेगवेगळी तिकिटं असतील तर मुंबईत सामान घ्या, बाहेर या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

३. काउंटरवर तीन गोष्टी विचारा

मोठी बॅग पट्ट्यावर गेली, बोर्डिंग पास हातात आला, की लगेच निघू नका. विचारा: माझं लाउंज कोणतं? कोणत्या मजल्यावर, कोणत्या गेटाजवळ? त्यासाठी वेगळी चिठ्ठी लागते का?

प्रत्येक एअरलाइनचं प्रत्येक विमानतळावर स्वतःचं लाउंज नसतं. नसेल तिथं ती दुसऱ्याच कुणाच्या लाउंजशी करार करते. त्यामुळे तुमच्या विमानाचं नाव एक आणि दारावरची पाटी दुसरीच, असं होतं. नुसतं 'लाउंज' लिहिलेलं बघून शिरलात तर रिसेप्शनवरून परत पाठवतात. काही कंपन्या आमंत्रणाची छापील चिठ्ठी देतात, काहींचं बोर्डिंग पासवरच असतं. चिठ्ठी दिली तर पासपोर्टात ठेवा, शर्टाच्या खिशात नको. सिक्युरिटीला खिसे रिकामे करताना ती ट्रेमध्येच राहते.

बॅगेला 'प्रायॉरिटी'चा टॅग लावून घ्या. उतरल्यावर बॅग आधी येते, निदान यायला हवी.

४. सिक्युरिटी आणि पिशवीतलं खाणं

बिझनेसच्या प्रवाशांना बऱ्याच ठिकाणी वेगळी रांग असते. पाटी बघा, नाही दिसली तर बोर्डिंग पास दाखवून विचारा. डिजीयात्राचा चेहरा दाखवून शिरायचा मार्ग देशांतर्गत प्रवासापुरता आहे, परदेशी जाताना त्याचा उपयोग नाही.

हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीतलं काहीही पातळ चालत नाही. तेल सुटलेलं लोणचं, तूप, मध हे सगळं त्यात आलं. ठेचा पातळ नाही, असा वाद तिथं घालून उपयोग होत नाही. तो नीट बांधून मोठ्या बॅगेत टाका. शेंगदाण्याची कोरडी चटणी, दशम्या, धपाटे हातातल्या बॅगेत जातात. खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेत चालत नाहीत. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. जर्मनी किंवा युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात निघाला असाल तर दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढेसुद्धा नाहीत.

धपाट्यांचा डबा लाउंजमध्ये उघडू नका. बहुतेक लाउंजमध्ये बाहेरचं खाणं चालत नाही. तो पुढच्या मुक्कामाला कामी येतो.

५. लाउंजच्या दारात

रिसेप्शनवर बोर्डिंग पास द्या, चिठ्ठी असेल तर ती द्या. मशीनवर पास दाखवतात, हिरवा दिवा लागला की झालं. वाय-फायचा पासवर्ड, आंघोळीची सोय आणि विमानाची घोषणा आत होते की नाही, हे तिथंच विचारून घ्या. तिन्ही प्रश्न मराठी-हिंदीत विचारले तरी मुंबईत काही बिघडत नाही.

पास चालला नाही तर भांडू नका. बऱ्याचदा तुम्ही चुकीच्या लाउंजच्या दारात असता, किंवा फार लवकर आलेले असता. विमान सुटण्याच्या आधी ठरावीक तासच आत बसू देणारी लाउंज बरीच आहेत. तिथल्या माणसाला एवढंच विचारा, "मग माझं कुठलं?"

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. धोतर-नेहरू शर्ट, नऊवारी, जीन्स, सगळं चालतं. बनियन आणि बाथरूमच्या स्लीपर एवढं टाळा.

६. आत गेल्यावर

मुंबईतल्या एका लाउंजमध्ये माझ्या शेजारच्या सोफ्याच्या अगदी कडेला एक काका-काकू बसले होते. काकांच्या मांडीवर रेक्झिनची बॅग, पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे. बोलण्यावरून अंबाजोगाईकडचे. बराच वेळ झाला तरी दोघांनी पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला नव्हता. मराठी ऐकून काका जरा सरकले आणि हळूच म्हणाले, "इथं बिल आधी द्यायचं का मागून?" तिकिटातच सगळं धरलंय म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "मंग चहा तरी घेऊ की!"

तर चहापासूनच सुरू करू. कप यंत्राच्या तोंडाखाली ठेवायचा, चित्रावर बोट लावायचं आणि यंत्र थांबेपर्यंत कप हलवायचा नाही. शेवटी दुधाची धार येते आणि लोक नेमका त्याआधी कप ओढतात. साखरेच्या पुड्या शेजारच्या खणात. यंत्राचा चहा मिळमिळीत लागला तर काउंटरवरच्या माणसाला मसाला चहा आहे का विचारा, पुष्कळदा असतो.

जेवणाचं काउंटर बुफे पद्धतीचं, लग्नात असतं तसंच, फक्त मागून कुणी ढकलत नाही. झाकणाखाली काय आहे त्याची पाटी समोर असते, शाकाहारीला हिरवा ठिपका. डोसा, ऑम्लेट असलं गरम काही करून देणारा माणूस असेल तर त्याला सांगून जागेवर जाऊन बसा. ताटली संपल्यावर तिथंच ठेवा, उचलून नेतात. टीप द्यायची पद्धत नाही. खाणं बांधून नेता येत नाही. पिशवीत सफरचंदं भरताना दिसलात तर कुणी काही बोलेल किंवा नाही बोलणार, पण तसं करू नका.

रात्रीच्या विमानाला एक युक्ती फार उपयोगाची. विमानातही जेवण असतं, पण ते उडाल्यानंतर, म्हणजे रात्री साडेतीन-चारला वाढायला घेतात. ते आवरेपर्यंत झोपेचे दोन तास जातात. बिझनेसच्या तिकिटाचा खरा पैसा कशात असेल तर आडव्या होणाऱ्या खुर्चीत. म्हणून लाउंजमध्येच पोटभर जेवा, विमानात बसताच हवाईसुंदरीला सांगा की मला जेवायला उठवू नका, नाश्त्याला उठवा. फ्रँकफर्टला सकाळी उतरून थेट मीटिंगला जाणारे आमचे लोक हेच करतात.

आंघोळ: रिसेप्शनवर नाव सांगायचं, आपला नंबर आला की खोली उघडून देतात. टॉवेल, साबण असतात. मध्यरात्री ही रांग लांबते, म्हणून जेवायच्या आधी नाव लावा आणि मग ताटली घ्या. सोबत शर्ट ठेवायला सांगितला तो यासाठी. टॉवेल तिथला मिळतोच, पण आमच्याकडच्या कित्येकांना आपलाच लागतो.

दारू बिझनेसच्या प्रवाशाला सहसा वेगळे पैसे न घेता मिळते, कार्डावर आलेल्याला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१ आणि हार्ड ड्रिंकला २५ वर्षांची. फुकट आहे म्हणून जास्त घेतली तर विमानात चढू न देण्याचा अधिकार एअरलाइनला असतो, आणि तो वापरला जातो.

फोनवर बोलायचं तर हळू. स्पीकर लावून घरच्यांना सगळं लाउंज दाखवायचा व्हिडिओ कॉल करायचाच असेल तर कोपऱ्यात जा. दाखवावंसं वाटतं, त्यात लाज कसली. पण शेजारचा माणूस झोपलेला असतो.

७. आई-वडील एकटे जाणार असतील तर

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागवा. विमानाच्या निदान ४८ तास आधी तरी एअरलाइनला कळवा. चालता येत असलं तरी मागवा. इमिग्रेशनच्या रांगेत तास काढण्यापेक्षा खुर्चीतून गेलेलं परवडतं, आणि सोबतचा माणूस वाट चुकू देत नाही.

इथला धोका वेगळा आहे. मदतनीस त्यांना लाउंजमध्ये बसवतो, "थोड्या वेळानं येतो" म्हणतो आणि दुसऱ्या प्रवाशाकडे जातो. तो आला नाही तर आपले आई-वडील जागचे हलत नाहीत, कारण तो 'येतो' म्हणालाय. म्हणून त्यांना आधीच पढवून ठेवा: मदतनीस किती वाजता येणार ते विचारायचं, ती वेळ लाउंजच्या रिसेप्शनवरच्या माणसालाही सांगायची, आणि त्या वेळेनंतर दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर उठून रिसेप्शनवर जायचं. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्वतःच्या हातात. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात विमानाचा नंबर, बोर्डिंगची वेळ आणि मुलाचा फोन नंबर, मराठीत आणि इंग्रजीत, लिहून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. गेट नंबरची जागा मोकळी सोडा, तो बदलतो.

८. उठायची वेळ

लाउंजमध्ये विमानाची घोषणा होईलच, असं नाही. बऱ्याच लाउंजमध्ये मुद्दाम करत नाहीत. पडद्यावर आपलं विमान बघत राहा आणि बोर्डिंगच्या दहा मिनिटं आधीचा गजर लावा. पडद्यावर 'बोर्डिंग' आलं की उठा, 'फायनल कॉल'ची वाट बघू नका. बिझनेसवाल्याला केव्हाही वेगळ्या रांगेतून आत घेतात, त्यामुळे सगळ्यांत आधी जाऊन उभं राहायचीही गरज नाही. फक्त गेट किती लांब आहे ते लाउंजमध्ये शिरतानाच विचारून ठेवा. मोठ्या टर्मिनलमध्ये पंधरा मिनिटांची चाल सहज असते.

अमेरिकेच्या विमानांना गेटवर पुन्हा कागदपत्रं आणि बॅग तपासतात. त्यासाठी आणखी वीस मिनिटं आधी निघा.

९. मधल्या विमानतळावर

इथं फोनचं घड्याळ दगा देतं. रोमिंग नसेल तर फोन भारतीय वेळच दाखवत राहतो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. बोर्डिंग पासवरची वेळ नेहमी तिथली स्थानिक असते. उतरल्या उतरल्या भिंतीवरच्या घड्याळाशी फोन जुळवा, मगच गजर लावा.

दुबईत टर्मिनल ३ ला ए, बी आणि सी असे वेगवेगळे भाग आहेत आणि एमिरेट्सची बिझनेस लाउंज प्रत्येकात वेगळी. आपलं पुढचं विमान ज्या भागातून सुटतं तिथलंच लाउंज गाठा, मग मधेच ट्रेन पकडायची धावपळ होत नाही.

फ्रँकफर्टला उतरून पुढे हॅनोव्हर किंवा म्युनिकला जायचं असेल तर आधी पासपोर्ट कंट्रोल पार करा आणि मग लाउंज शोधा. पासपोर्ट कंट्रोलच्या अलीकडे असलेल्या लाउंजमध्ये आरामात बसलात तर ती रांग पुढे तशीच उभी असते, आणि ती किती लांब असेल ते सांगता येत नाही. खाण्याच्या पाट्यांवर 'श्वाइन' दिसलं तर डुकराचं मांस, 'रिंड' दिसलं तर गाय-बैलाचं. शंका आली तर ब्रेड, चीज, फळं, सॅलडवर भागवा.

अबू धाबीवरून अमेरिकेला जाणाऱ्यांचं अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. त्या वाटेनं लाउंजचा वेळ निम्मा धरा. आणि लाउंजमधून घेतलेली पाण्याची बाटली पुढच्या सिक्युरिटीला टाकून द्यावी लागते, तेव्हा तिथंच पिऊन घ्या.

१०. तिकीट बिझनेसचं नाही, पण बँकेचं कार्ड आहे

हा वेगळा दरवाजा आहे. रुपे, व्हिसा, मास्टरकार्डच्या काही कार्डांवर ठरावीक वेळा लाउंज मिळतं आणि मशीनवर दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम कापली जाते. पण आता पुष्कळ बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च झालेला असला पाहिजे, अशी अट घातली आहे. शेजाऱ्याचं कार्ड चाललं म्हणून तुमचं चालेल असं नाही. कार्डावरचं आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच हवं. देशांतर्गत लाउंज देणारं कार्ड आंतरराष्ट्रीय टर्मिनलात चालेलच असंही नाही. इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचताना तारीख बघा. कार्डांवर लाउंज मिळवून देण्याची व्यवस्था बघणाऱ्या ड्रीमफोक्स कंपनीनं सप्टेंबर २०२५ मध्ये देशातली लाउंज सेवा बंद केल्यापासून बरीच जुनी माहिती निकामी झाली आहे. बँकेच्या अॅपमध्ये आजची अट काय आहे, तेवढंच खरं.

११. परत येताना

मुंबईत उतरल्यावर लाउंज धरू नका. ही सोय निघणाऱ्यांसाठी असते. आंघोळ-कपडे जे काही करायचं ते मधल्या विमानतळावरच्या लाउंजमध्ये उरकून घ्या. मुंबईहून चिकलठाण्याचं किंवा नांदेडचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर सामान घेऊन कस्टम्समधून बाहेर यायचं, तिकिटावरचं टर्मिनल बघायचं आणि ते दुसरं असेल तर रस्त्यानं तिकडं जायचं. त्या सगळ्याला उतरल्यापासून चार तास ठेवा. रात्रीची देवगिरी पकडायची असेल तर सामानाच्या पट्ट्यावर उभं असतानाच गाडी वेळेवर आहे का ते फोनवर बघून घ्या, आणि टॅक्सीवाल्याला सीएसएमटी नको, दादर सांगा.